पर्समधला राऊटर

"मॅडम, त्याचं मोबाईलचं व्यसन तेवढं सोडवा, बाकी काही नाही." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्या दिवशी एका आईने मुलाची फाईल काढायला पर्स उघडली आणि टेबलावर आधी आला वायफायचा राऊटर, वायर गुंडाळलेला. कामावर जाताना त्या तो रोज सोबत नेत होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा नववीत, एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा, उतावीळपणा फार, अशा अवस्थेचं निदान तिसरीतच झालेलं. राऊटर गेल्यावर त्याने शेजारच्या दादाकडून हॉटस्पॉटचा पासवर्ड मिळवला होता. एडीएचडीची मुलं बावळट नसतात, हे अजूनही सांगावं लागतं.

"पण हे व्यसनच ना?" आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, गेमिंगचा विकार आहे खरा. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, खेळापुढे बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण १२ महिने चाललेलं असणं लागतं. इथे प्रकरण चार महिन्यांचं. शिवाय एडीएचडीत उशिरा मिळणाऱ्या बक्षिसासाठी थांबणं फार जड जातं. गणिताचे मार्क महिन्याने कळतात. गेममध्ये क्षणाक्षणाला काहीतरी हातात पडतं.

मुलगा एकटा भेटला तेव्हा वीस मिनिटं खुर्ची गोल फिरवत गेममधल्या बंदुकांबद्दल बोलला. मग एकदम म्हणाला, "आई रात्री किचनमध्ये लाईट न लावता बसते. मग मी हेडफोन घालतो."

पुढच्या वेळी फक्त आईंना बोलावलं. "मला कशाला? मला काय झालंय?" चार महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली होती. झोप नाही, जेवण नाही, त्यात शाळेतून रोज तक्रारीचा फोन. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १६ गुण आले; इथे गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा; तो मी नेहमी स्वतः तोंडाने विचारते. "येतो विचार. याच्यासाठी थांबलेय," त्या म्हणाल्या. त्यांच्यासमोरच यजमानांना बोलावून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवली. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये सेव्ह करून दिला.

"म्हणजे माझ्यामुळेच झालं सगळं?" नाही. एडीएचडी बराचसा आनुवंशिक असतो, आईच्या उदासीने होत नाही. पण अशा मुलाला रोज तोच नियम, त्याच शांतपणे लागतो, आणि खचलेल्या माणसाला नेमकं तेच झेपत नाही. तीन दिवस दुर्लक्ष, चौथ्या दिवशी राऊटर पर्समध्ये. मग भांडण, मग पुन्हा अंधारात किचन.

म्हणून मोबाईलचे नियम पंधरा दिवस वडिलांकडे दिले. चालू मॅचमध्ये फोन हिसकायचा नाही. 'ही शेवटची' हे आधी ठरवायचं. अशा मुलांना वेळेचा अंदाज कमी असतो, म्हणून समोर मोठं घड्याळ. साडेदहाला तिघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला. वडिलांचाही, हे लिहून घेतलं, कारण तिथेच गाडी अडते.

तीन महिन्यांनंतरही तो कधीकधी साडेअकरापर्यंत खेळतो. आईंच्या गोळ्या चालू आहेत, रोज संध्याकाळी बहिणीबरोबर फिरायला जातात. परवा मुलगा तक्रार घेऊन आला होता: "आई हल्ली सारखी माझ्या खोलीत डोकावते. तिला काहीतरी सांगा ना."