नवोदित क्वार्टरबॅकला लगेच खेळवावे की बाकावर बसवावे?

आपल्या आवडत्या संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीत एक कोवळा क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू हाती घेऊन तो फेकणारा मुख्य खेळाडू) निवडला आहे, आणि त्याला पहिल्याच सामन्यापासून उतरवावे की वर्षभर एखाद्या अनुभवी खेळाडूच्या मागे ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी अमेरिकन फुटबॉल पाहू लागलो तो विस्कॉन्सिनमध्ये राहायला आल्यावर, आणि ग्रीन बे पॅकर्सच्या या मुलुखात आपल्या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलेही क्षणात देतात : बसवावे. २००५ साली निवडलेला ॲरन रॉजर्स तीन वर्षे ब्रेट फार्व्हच्या मागे बसला, २०२० साली निवडलेला जॉर्डन लव्ह तितकीच वर्षे रॉजर्सच्या मागे बसला, आणि दोघेही तयार होऊनच मैदानात आले. बरीच वर्षे मलाही हेच पटत असे.

पण बाकावर बसलेल्याला शिकायला मिळते तरी किती, हे आधी पाहायला हवे. हंगाम सुरू झाला की रविवारच्या सामन्यासाठी आठवड्यात सरावाचे तीनच खरे दिवस हाती असतात आणि त्यांतील बहुतेक सराव मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातो. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू आपल्याच बचावफळीसमोर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चालींची नक्कल करत उभा असतो. म्हणजे ज्या चाली त्याला पुढे खेळायच्या आहेत, त्या तो मुख्यतः बैठकीत आणि चित्रफितींतच पाहतो. असे वर्ष फुकट जाऊ द्यायचे नसेल, तर त्याच्यासाठी वेगळा वेळ काढणारा प्रशिक्षक हवा आणि समोरचा ज्येष्ठ खेळाडूही मनाचा मोठा हवा.

माझे मत बदलले ते ॲलेक्स स्मिथमुळे. २००५ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सर्वांत आधी घेतले (रॉजर्स त्याच दिवशी चोविसाव्या क्रमांकापर्यंत ताटकळत राहिला) आणि त्याच हंगामात खेळवले. त्या वर्षी त्याच्या नावावर एक टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारी फेक) आणि ११ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेल्या फेकी) लागली. एवढ्यावरून घाई नडली असे कोणीही म्हणेल; पण पुढचा घोळ त्याहून मोठा होता. २००५ ते २००९ या पाच हंगामांत संघाच्या आक्रमणाचे सूत्रधार प्रशिक्षक दरवर्षी बदलले. नवा प्रशिक्षक आला की तीच चाल नव्या नावाने पाठ करावी लागते, आणि किती पावले मागे जाऊन कोणत्या क्षणी चेंडू सोडायचा ही पायांत मुरलेली लयही मोडून पुन्हा बसवावी लागते. खांद्याच्या दुखापतीने २००८ चा पूर्ण हंगाम गेला, तो वेगळाच. नंतर २०११ मध्ये जिम हार्बॉ मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि ज्याला लोकांनी मोडीत काढले होते, त्याच स्मिथने १३ विजय मिळवून दिले. संपूर्ण नियमित हंगामात त्याची इंटरसेप्शन होती केवळ पाच.

हाच स्मिथ २०१७ साली कॅन्सस सिटीचा मुख्य क्वार्टरबॅक होता आणि त्याच्या मागे बसला होता पॅट्रिक महोम्स. आपली जागा घ्यायला आणलेल्या या पोराला त्याने आठवड्याची तयारी कशी करायची ते हातचे न राखता दाखवले. महोम्स त्या वर्षी एकच सामना खेळला. पुढच्या वर्षी स्मिथ वॉशिंग्टनला गेला आणि महोम्सने ५० टचडाउन पास फेकले. महोम्सचे उदाहरण देणारे लोक हे विसरतात की त्याआधी आणि नंतरही मुख्य प्रशिक्षक अँडी रीडच होते, त्यामुळे त्या वर्षभरात तो जे शिकला त्यातले काहीच वाया गेले नाही.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. पेटन मॅनिंगने १९९८ साली पहिल्या सामन्यापासून खेळून २८ इंटरसेप्शन दिली, संघ तीनच सामने जिंकला, आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने १३ जिंकले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघात नवोदित डेव्हिड कार मात्र ७६ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. इतका मार खाल्लेल्याची नजर मैदानावर दूरवर जाण्याऐवजी अंगावर येणाऱ्यांकडे वळते, आणि ही सवय जाता जात नाही.

घाईमागे पैसाही आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या करारानंतर नवोदितांचे वेतन ठरावीक झाले. पहिल्या फेरीतला खेळाडू चार वर्षे, आणि संघाने ठरवल्यास पाचवे वर्षही, स्वस्तात मिळतो. त्यांतले एक बाकावर घालवणे मालकांच्या जिवावर येते.

तेव्हा आपल्या संघाबाबत मी आधी दोन गोष्टी पाहीन : चेंडू फेकणाऱ्याला राखणारी पाच जणांची फळी धड आहे का, आणि आज शिकवणारा प्रशिक्षक दोन वर्षांनी तिथेच असेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड आहे, कारण शिष्य चमकला की गुरूला दुसरीकडून मुख्य प्रशिक्षकपदाचे बोलावणे येते. बफेलोत क्वार्टरबॅक जॉश ॲलनला घडवणारे ब्रायन डेबोल २०२२ मध्ये असेच न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले. दोन्ही गोष्टी ठीक असतील तर पोराला पहिल्याच सामन्यात उतरवा, चुका होऊ द्या. फळीच कच्ची असेल, तर ती उभी राहीपर्यंत एखाद्या जुन्या खोडाला मार खाऊ द्या.