बालपणीच्या उद्यानाच्या छायाचित्राला सेपिया छटा द्यावी का?

लहानपणीच्या मनोरंजन उद्यानाची आठवण जागवणाऱ्या कलात्मक छायाचित्राला सेपिया, म्हणजे जुन्या फोटोंसारखी तपकिरी, छटा द्यावी का, असे आपण विचारले आहे. देऊ नये. आपले बालपण १९८०च्या दशकातले, म्हणजे रंगीत फिल्मच्या काळातले आहे. सेपिया ही कृष्णधवल छायाचित्रातील चांदीचे सल्फाइड करून ते टिकाऊ करण्याची प्रक्रिया. ती आपल्या आजोबांच्या अल्बममध्ये शोभते. आपल्या अल्बममधले फोटो कपाटात राहून लालसर झाले असतील, कारण जुन्या रंगीत कागदावरील निळसर रंगद्रव्य अंधारातही आधी उडते.

पुण्याच्या पेशवे पार्कातील, १९५६ साली सुरू झालेल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या रेल्वेगाडीचे छायाचित्र मी एकदा स्पर्धेला पाठवले होते. कॅमेरा पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे एक मीटरवर तिपाईवर लावला आणि शटर १/१५ सेकंद ठेवून धावते डबे पुसट होऊ दिले, कठडा मात्र स्पष्ट राखला. कारण त्या वयात गाडी आधी गजांमधूनच दिसते आणि आपला नंबर लागण्याआधी ती बंद होईल अशी धास्ती असते. परीक्षक महाशयांनी सर्वांसमक्ष विचारले, की यात मूल कुठे आहे, आणि वर सेपियाचा सल्लाही दिला. फुगा धरलेले मूल चौकटीत आले, की पाहणारा त्या मुलाचे कौतुक करत बसतो आणि स्वतःचे लहानपण त्याच्या मनातही येत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. माझ्या बहिणीने मात्र तेच छायाचित्र पाहताच शेवटच्या डब्यासाठी आमच्या होणाऱ्या भांडणांची आठवण काढली.

आपले उद्यान कोणते ते आपण लिहिलेले नाही. आकाशपाळणा असेल, तर सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटे साधावीत. आकाशात निळाई असेपर्यंत दिव्यांचे रंग खुलतात आणि दोन ते चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पाळण्याची वर्तुळे उमटतात. रंग किंचित लालसर, फिके करण्यास हरकत नाही.

अर्थात, कृष्णधवल फिल्म वापरून डार्करूममध्ये स्वतः टोनिंग करणार असाल, तर सेपियावरचा माझा आक्षेप मी मागे घेतो. अनोळखी मुलांचे चेहरे येणार असतील, तर पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत. मूल पाठमोरे असेल तर चालेल, एवढी सवलत मी आपल्याला देतो. त्या परीक्षकांना दिली नसती.