हार्टफर्डजवळच्या शॉर्ट ट्रॅकवरचा सीझनचा शेवटचा वीकेंड मुलाला दाखवण्यासारखा असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डजवळ राहता, फॉर्म्युला वन नियमित बघता, आणि ऑक्टोबरमध्ये इथल्या छोट्या ओव्हल ट्रॅकवर मॉडिफाइड गाड्यांचा सीझनचा शेवटचा वीकेंड असतो असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन जावं का, आणि "नुसतंच गोल गोल फिरतात ना?"

जा. मुलाला नक्की घेऊन जा.

आता त्या "गोल गोल"बद्दल. हे वाक्य मी माझ्याच घरात, माझ्याच मेव्हण्याच्या तोंडून दहा वर्षं ऐकतोय, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. इथे विमा कंपनीच्या आयटीत आलो, तुमच्यासारखाच. आमच्या शेजारी विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर राहायचे. माझ्या मुली त्यांना आजोबा म्हणायच्या, मीही तेच म्हणतो. त्यांच्या गॅरेजात मोटार कधी नसायची, मॉडिफाइड असायची. चाकं उघडी, सांगाडा नळ्यांचा, छत बुटकं आणि त्यावर भला मोठा नंबर, मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा मोठा. गाडी चालवायची त्यांची नात, तेव्हा एकोणीस वर्षांची. क्लास खालचा, कारखान्यातून तयार, सीलबंद येणाऱ्या क्रेट इंजिनवाला. एका शनिवारी मी कुंपणापलीकडून बघत उभा होतो, तर आजोबांनी हातात टेप दिली आणि टायरचा घेर मोजायला सांगितलं. तिथून पुढे नऊ सीझन त्या गाडीचे टायर मी बघितले. पगार नाही. शुक्रवारी रात्री घरी यायचो तेव्हा अंगाला रेसच्या पेट्रोलचा वास असायचा.

टायरचं गणित सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गाड्यांचा मागचा एक्सल लॉक असतो, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळणं सगळी डावीकडे. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून उजव्या टायरचा घेर मोठा ठेवायचा. त्या फरकाला स्टॅगर म्हणतात. वळणाची त्रिज्या 300 फूट, मागच्या दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर साडेपाच फूट आणि घेर 84 इंच धरला, तर फरक साधारण दीड इंच येतो. म्हणजे बारा सूत. स्टॅगर कमी पडला की गाडी सरळ जायला बघते, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो आणि तोंड वळत नाही. त्याला पुश म्हणतात. जास्त झाला की शेपूट सुटते, ते लूज. हे टायर बायस-प्लाय (आतले धागे तिरके घातलेले) असतात, हवा वाढली की फुगतात. त्यामुळे घेर बदलायला हवेतला थोडा फरकही पुरतो.

तो शेवटचा वीकेंड. आम्ही गुणांत दुसरे, पहिलीपेक्षा चार गुण मागे. दर नंबराला दोन गुण, म्हणजे चॅम्पियनशिपसाठी तिच्यापेक्षा तीन नंबर वर यायला हवं होतं. शनिवारी सरावात आमचा वॉटर पंप गेला. दुकानं बंद झालेली. आमच्याच वर असलेल्या, चार गुण पुढे असलेल्या त्या टीमनं त्यांच्या ट्रेलरमधला नवा पंप काढून दिला, आणि तिच्या वडिलांनी बोल्ट आवळायला हातही लावला. टीव्हीवर वर्षाला वीसपेक्षा जास्त ग्रां प्री बघता ना, त्यात हे मला एकदा दाखवा.

रात्री पाऊस पडला. ओल्या ओव्हलवर आमच्या गाड्यांची शर्यत होत नाही. सकाळी ऊन कडक पडलं, पण डांबराच्या भेगांमधून पाणी झिरपत राहिलं आणि वाळवण्यात दुपार गेली. आमची रेस दोनला होती. एक वाजून दहा मिनिटांनी मी टायर मोजले, वहीत लिहिलं: स्टॅगर बारा सूत. चाकं चढवली, गाडी लाइनीत नेऊन लावली. त्यानंतर आधीच्या क्लासेसमध्ये एकापाठोपाठ एक यलो, म्हणजे धोक्याचे पिवळे झेंडे. आमचा हिरवा झेंडा पडला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, सूर्य मावळलेला, दिवे लागलेले, तोंडातून वाफ निघत होती. गाड्या लाइनीत उभ्या असताना "आता सोडतील, आता सोडतील" असं चाललेलं, आणि मी हवा पुन्हा तपासली नाही. ही चूक माझी, आणि ती मी तेव्हाही कबूल केली.

तीस फेऱ्यांची रेस. बाविसाव्या फेरीला आमची पोरगी तिसरी होती, गुणांत पुढे असलेली ती सातवी. चार नंबरांचा फरक, म्हणजे कप आमचा. आजोबा रेडिओवर एक शब्द बोलत नव्हते. मग यलो पडला. यलोखाली गाड्या हळू फिरतात, टायर थंड होतात, हवा उतरते, आणि स्टॅगर मुळात कमी असेल तर रीस्टार्टला तो सगळ्यात जास्त बोचतो. हिरवा पडला, पहिलं वळण कसंबसं गेलं, तिसऱ्या वळणात गाडीचं तोंड वळेना. ती वर वर सरकत भिंतीजवळ गेली, खालून तीन गाड्या निघाल्या. शेवटी आम्ही सहावे. त्या पाचव्या. दोघांचं अंतर चारावरून सहा गुण झालं, एवढंच आमच्या हातात आलं.

माझा मेव्हणा तेव्हा पुण्याहून दोन आठवड्यांसाठी आला होता. चाकणला एका मोटार कंपनीत डिझाइनला आहे, हुशार आहे. तो स्टँडमध्ये होता. परतताना गाडीत मी म्हणालो की स्टॅगर दोन-तीन सूत कमी पडला असणार. तो म्हणाला, "तीन सुतानं काय होतंय दाजी? कार्ब्युरेटर, एक लॉक एक्सल आणि गोल गोल फिरायचं, ह्यात इंजिनिअरिंग कुठाय?" मागच्या सीटवर माझी मोठी मुलगी रडत होती. मी काही बोललो नाही. तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला फोनवर तेच वाक्य येतं.

सोमवारी सकाळी आजोबांच्या गॅरेजात थंड टायर मोजले. नऊ सूत. झिजेनं एखादं सूत गेलं असेल, पण बाकीचं कुठे गेलं ते आम्हा दोघांना सुचेना. रात्री कोल्हापूरला आण्णांना फोन केला. माझे वडील, शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर. रेस म्हणजे काय हे त्यांना मी पहिल्यांदाच सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: "मोजलंस तवा टायर उन्हात हुता का सावलीला?"

उजवा मागचा टायर ट्रेलरच्या उन्हाच्या बाजूला टेकवून ठेवलेला होता, डावा सावलीला. तासभर. काळं रबर. आण्णांच्या कामात गरम जॉब मोजला तर माप खोटं येतं हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी संगणकाचा माणूस, मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या एप्रिलात आम्ही मुद्दाम तसंच करून बघितलं: सारख्या हवेचे दोन टायर, एक उन्हात, एक सावलीत, एक तास. उन्हातल्याची हवा जवळपास दोन पीएसआयनं चढली आणि घेर अडीच सूत वाढला. वहीत पान आहे, तारखेसकट, आजोबांच्या अक्षरात. मेव्हण्याला मी त्याचा फोटो पाठवलाय. त्याचं उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत माझं मत असं: हातात टेप, गेज आणि वही घेऊन बदलत्या हवेशी हिशेब जुळवणं हेच इंजिनिअरिंग आहे, कार्ब्युरेटर असो नाहीतर हायब्रिड. आणि ज्यानं स्वतः कधी हवा भरली नाही त्यानं यावर बोलू नये.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. अर्धा मैल किंवा थोडा जास्त लांबीचा ट्रॅक, त्यावर वीस-पंचवीस गाड्या, मोठ्या मॉडिफाइडची एक फेरी वीस सेकंदांच्या आत. नजर एकाच ठिकाणी ठेवता येत नाही. नॅस्कारची, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेची, सुरुवातच या गाड्यांनी झाली. 15 फेब्रुवारी 1948 ला डेटोनाच्या वाळूवर त्यांची पहिली शर्यत झाली ती मॉडिफाइडची, जिंकला रेड बायरन. आज टीव्हीवर दिसतं ते सगळं नंतरचं. आणि तुम्ही हार्टफर्डला राहता म्हणजे या खेळाच्या माहेरी राहता. थॉम्प्सनचा ट्रॅक 1940 साली सुरू झाला. 1938 च्या चक्रीवादळानं होनिग कुटुंबाच्या शेताची धूळधाण केली, त्याच जमिनीवर त्यांनी डांबरी ओव्हल बांधला, अमेरिकेतला पहिला. लांबी पाऊण मैलापेक्षा थोडी कमी, पाच अष्टमांश. तिथे ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज नावाचा शर्यतींचा वीकेंड भरतो, खूप क्लासेस, तंबू आणि कॅम्पर, शेकोट्या. स्टॅफर्ड अर्ध्या मैलाचा, तिथला सीझन वसंतात स्प्रिंग सिझलरनं उघडतो. वॉटरफर्डचा त्याहूनही छोटा. पहिल्यांदा जायचं तर मी थॉम्प्सन सांगेन, कारण एकाच वीकेंडला सगळे क्लास दिसतात आणि मुलाला कळतं की छोट्या गाडीवरून मोठ्या गाडीवर माणूस कसा चढत जातो. इथल्या पोरांपैकी काही फार वर, नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत गेली. रायन प्रीस इथल्याच कनेक्टिकटमधल्या बर्लिनचा, जॉय लोगॅनो मिडलटाउनचा. दोन्ही गावं तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर असतील.

शेवटच्या वीकेंडचं वजन वेगळं का असतं, तर अनेकांसाठी तो खरंच शेवटचा असतो. पैसे संपलेले असतात, गाडी विकायला काढलेली असते, बाप म्हातारा झालेला असतो. आमच्या आजोबांनी पिटमध्ये (गाड्या तयार करतात त्या जागी) रिची एव्हन्स या ड्रायव्हरची गोष्ट कितीदा सांगितली असेल. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा, नारिंगी गाडी, नंबर 61, नऊ वेळा मॉडिफाइडचा राष्ट्रीय चॅम्पियन. 1985 ला नवव्यांदा किताब आधीच खिशात होता, तरी सीझनच्या शेवटच्या शर्यतीसाठी तो मार्टिन्सव्हिलला गेला आणि 24 ऑक्टोबरला सरावात भिंतीवर आदळून वारला. मॉडिफाइड टूरवर 61 नंबर त्यानंतर कुणाला दिला जात नाही. हे सांगताना आजोबा दर वेळी टोपी काढायचे. तुमच्या मुलाला हेही माहीत असू द्या. हा खेळ धोक्याचा आहे, आणि आपटलेली गाडी बघायला लागली तर त्याच्याशी नीट बोला.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मुलाच्या कानांसाठी नुसते बोळे चालणार नाहीत, कान पूर्ण झाकणारे मफ घ्या, आवाज छातीत बसतो. दुपारी ऊन असलं तरी संध्याकाळसाठी जाड जॅकेट आणि पांघरूण न्या, मी वर सांगितलेली संध्याकाळ लक्षात ठेवा. पावसानं कार्यक्रम दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या वीकेंडला ढकलला जातो, त्यामुळे मुलाला आधीपासून "आज नक्की" असं सांगू नका. खालच्या रांगांत बसू नका, रबराचे तुकडे अंगावर येतात आणि पलीकडचा भाग दिसत नाही. वरच्या रांगेत, तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या बाजूला बसा. रेस संपल्यावर बऱ्याच ट्रॅकवर प्रेक्षकांना पिटमध्ये सोडतात. तिथे जाच. मुलाला गाडीजवळ नेऊन मागचे दोन टायर शेजारी शेजारी दाखवा, आणि कुणी टेप हातात घेऊन उभा असेल तर त्याला विचारा, तो हातातलं काम सोडून सांगेल.

बाकी फेऱ्या कशाही बघितल्या तरी चालतील. पण यलोनंतर हिरवा पडला की पहिल्या दोन फेऱ्यांत मुलाला पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. चाकं डावीकडे वळलेली असतील आणि गाडी तरीही भिंतीकडेच जात असेल, तर त्या टीमच्या माणसाला दुपारचं ऊन लागलं आहे.