नायिका कमावते, बुलेट चालवते, तरी बायको म्हणते कादंबरी स्त्रीवादी नाही. मग ते ठरवायचं कशावरून?

तुमच्या बायकोशी मी सहमत आहे. कारण सांगते.

गंगाखेडकडच्या एका लहानशा वाचनालयात मी बारा वर्षं पुस्तकं देते-घेते. कौटुंबिक कादंबऱ्या आमच्याकडं सगळ्यात आधी फाटतात. दोन वर्षांखाली शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी अशीच एक परत आणली आणि टेबलावर आपटली. "मॅडम, हिला तीनशे पानांत एकदाबी भूक लागली नाही. निस्तं वाढती सगळ्यायला. बाई हाय का फोटो?"

तेव्हापासून मी तेच बघते. नायिका जेवते का, तिचे पाय दुखतात का, पगार झाल्यावर पैसे कुणाच्या हातात जातात. बुलेट सगळे लेखक दाखवतात, पेट्रोल कुणाच्या पैशाचं ते कुणी सांगत नाही. आणि तिला चुकायची मुभा आहे का? नायक तीनदा चुकतो, दारू पितो, शेवटच्या प्रकरणात माफ होतो. तिनं एकदा मनाचं केलं की लेखक लगेच अपघात तरी धाडतो, नाहीतर सासऱ्याचा हार्ट अटॅक.

अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रमालिकेतून आलेली कसोटी प्रसिद्ध आहे: दोन बायका पुरुषाखेरीज दुसऱ्या कशावर बोलतात का? आपल्याकडं ती फार उपयोगाची नाही. सासू-सून लोणच्यावर पानभर बोलल्या की झाल्या पास!

तक्रार नवी नाहीच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, त्यातही त्या काळच्या कथा-नाटकांतल्या बायका कशा रंगवल्यात यावरून लेखकांना झोडलंय.

आमच्या भागाचं सांगायचं तर ऊसतोडीची बाई. मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, बहुतेक नवऱ्याच्या हातात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. पण मी वाचलेल्या कथांत ही बाई येते ती रडायला. प्रत्यक्षात मी बघितलेल्या बाया उचल किती फिटली, किती राहिली, मुकादमानं किती खाडे धरले, हे तोंडपाठ सांगतात. तो हिशेब कुणी लिहीत नाही. अन्यायाची गोष्ट म्हणून तिला दुःख द्यायचं आणि डोकं मात्र द्यायचं नाही, हे मला बुलेटवाल्या नायिकेपेक्षाही जास्त खटकतं.

आमच्याच गंगाखेडची जनाबाई सातशे वर्षांखाली 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' म्हणून गेली. त्यात 'जाईन मी' आहे, 'जाऊ का?' नाही.

तुमच्या कादंबरीची शेवटची वीस पानं पुन्हा काढून बघा. निर्णय कोण घेतं तिथं? बायकोला बहुतेक तिथंच खटकलं असणार.