परदेशात नोकरी करणारा माणूस घानातल्या अकान गावाचा खरा राजा असू शकतो का?

परदेशात राहणाऱ्या राजाचं पद म्हणजे नुसतं "मिरवायचं पद", हे तुमचे शब्द मनाला लागले, म्हणून लिहितोय. लंडनमध्ये डॉक्टरकी करणारा माणूस त्याच वेळी अकान (घानातला एक मोठा समाज) गावाचा 'नाना', म्हणजे राजा, कसा, हे तुम्ही विचारलंय.

आधी पद कोणतं ते बघा. 'न्कोसुओहेने', म्हणजे विकासप्रमुख, हे पद असांतेहेने (अकानांपैकी असांते लोकांचा राजा) ओपोकू वारे दुसरे यांनी 1985 साली काढलं. ते परक्यालाही मिळतं आणि त्याच्यामागे वंशाचं आसन (राजपदाची खूण असलेली लाकडी बैठक) नसतं. 'ओहेने', म्हणजे राजा, मात्र आईच्या कुळातलाच लागतो. ओहेमा, म्हणजे राजमाता, त्याचं नाव पुढे करते आणि पूर्वजांच्या काळ्या आसनावर त्याला तीनदा अलगद टेकवून उठवतात. त्याला मिरवणारा म्हणू नका.

आता एक उदाहरण. ओतुआम हे घानाच्या किनाऱ्यावरचं फांती (हेही अकानच) कोळ्यांचं गाव. पेगिलीन बार्टेल्स वॉशिंग्टनला घानाच्या वकिलातीत सेक्रेटरी होत्या. 2008 साली पहाटे चारला फोन आला: मामा गेले, आता राजा तुम्ही. वडीलधाऱ्यांनी पंचवीस नातलगांची नावं घेत जमिनीवर श्नॅप्स (एक कडक दारू) ओतली आणि बार्टेल्स यांच्या नावाला वाफ वर आली, असं त्या सांगतात. बाई असूनही त्या राजाच, कारण ओहेमाची जागा वेगळी. नोकरी त्यांनी सोडली नाही. वर्षातले काही आठवडे गावात, बाकी फोन. घानाची वेळ ग्रिनिचची, वॉशिंग्टन उन्हाळ्यात चार तास मागे, हिवाळ्यात पाच, त्यामुळे गावची सकाळ गाठायला इकडे अंधारातच उठावं लागतं. वाडा पडका होता आणि तो नीट झाल्याशिवाय आधीच्या राजाला मानानं पुरता येत नव्हतं. तोवर पार्थिव शवागारात. वाड्याच्या खर्चाला या बाईंनी पदरचे पैसे घातले. यात मिरवण्यासारखं काय आहे?

फोनवर न होणारी गोष्ट म्हणजे अदाए, पूर्वजांना मान देण्याचा दिवस. रविवारचा अक्वासिदाए दर 42 दिवसांनी येतो. तेव्हा आसनांच्या खोलीत पूर्वजांना मद्य आणि कुस्करलेला याम (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद) द्यावा लागतो. त्यासाठी गावात हक्काचा माणूस नेमूनच विमानात बसायचं.

घोळ होतो तो जमिनीच्या पैशात. राज्यघटनेच्या 267व्या कलमाप्रमाणे आसनाच्या जमिनीच्या उत्पन्नातल्या दर 100 सेडींतले (सेडी हे घानाचं चलन) 10 सरकारी प्रशासकाचे. उरलेल्या 90 पैकी 22.50 आसनाला, 18 पारंपरिक मंडळाला, 49.50 जिल्हा सभेला. राजा बाहेर असला की कुणीतरी रोख घेतो, पावती देत नाही, एकच प्लॉट दोघांना दिला जातो. म्हणून पैसे फक्त बँकेत घ्यायचे आणि भाडेपट्ट्यावर कोण सही करणार ते आधीच लिहून ठेवायचं. आणि ही जमीन कायमची विकताच येत नाही, विकणारा भेटला तर समजून जा.

मोठ्या गादीचं हे असं चालणार नाही, तेही सांगतो. आजचे असांतेहेने ओसेई तुतू दुसरे टोरांटोला विमा कंपनीत होते, पण ते 1999 साली आसनावर बसण्याच्या आधी.

"गावात राहतो तोच राजा" हे मला वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. गावात राहून रोख खिशात घालणाऱ्यापेक्षा पहाटे उठून हिशेब मागणारी सेक्रेटरी मला कधीही चालेल. नको झालीच, तर आरोप ठेवून सुनावणी करता येते. दोष ठरला की पायातल्या चपला काढून पाय जमिनीला टेकवतात आणि पद जातं. हा नियम गावातल्या राजालाही आहे आणि वॉशिंग्टनच्याही.