पहिल्यांदाच गेमिंग पीसी जोडतोय, बजेट ७० हजार. इंटेल घेऊ की एएमडी, आणि ग्राफिक्स कार्डवर किती टाकू?

भावा, तू प्रोसेसरचं विचारलंस, कार्डचं विचारलंस, आरजीबी म्हणजे रंगीत लाईटवाले पंखे किती लावू तेही विचारलंस आणि शेवटी लिहिलंस "उरलेल्या पैशात एसएमपीएस घेतो" (म्हणजे पॉवर सप्लाय, घरातली वीज पीसीला लागेल तशी करून देणारा डबा). तेवढं एक वाक्य वाचून लिहायला बसलोय, नाहीतर असले प्रश्न बघून मी पुढं जातो.

मी सांगलीत वायरमन आहे, आयटीआय केलेला. कॉम्प्युटरची डिग्री नाही हे आधीच सांगतो, कारण आमच्या घरात कॉम्प्युटरवर बोलायला डिग्री लागते. आमचे दाजी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. माणूस चांगला, ताईला काही कमी नाही, पण मेव्हणा म्हणजे फ्यूज बांधणारा, त्याला काय कळतंय हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

२०२२ च्या दिवाळीत भाच्याला पीसी घ्यायचा ठरलं. त्याच सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालेलं, दोन वर्षं चढलेले कार्डांचे भाव खाली आलेले, त्यामुळे टायमिंग बरोबर होतं. दाजींनी रात्र रात्र जागून व्हिडिओ बघितले आणि यादी काढली. आय-५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० बारा जीबीवालं कार्ड, दोन आठ-आठ जीबीच्या रॅम. यादी उत्तमच होती, मान्य. फक्त एसएमपीएसच्या पुढं लिहिलेलं "कॅबिनेटबरोबर फ्री". मी म्हटलं दाजी, चार-पाच हजार इथं घाला, हवं तर काचेचं कॅबिनेट कॅन्सल करा. तर म्हणाले, "अरे तो नुसता डबा असतो, वीज आत येते बाहेर जाते. फ्रेम्स कार्ड देतं." पोरासमोर म्हणाले. मी गप्प बसलो, पाहुणचार होता.

पीसी चालू झाला. यूट्यूब चालायचं, कॉलेजचं कोडिंग चालायचं, व्हॅलोरंटसुद्धा बऱ्यापैकी चालायचं. जरा जड गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत खटकन बंद, ना निळा स्क्रीन ना एरर, सरळ अंधार. दाजींनी आधी विंडोज करप्ट आहे म्हणून फॉरमॅट मारला. मग गरम होतंय म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला, ताई म्हणायची कॉम्प्युटर वाळत घातलाय. मग कार्डच फॉल्टी ठरवून सर्व्हिस सेंटरला पाठवलं. बरेच दिवसांनी परत आलं, दोष काही सापडला नाही असं लिहून. सापडणार कसा, तिथं ते चांगल्या सप्लायवर चेक करतात.

शेवटी ताईनं मला बोलावलं, तेही दुसऱ्याच कामाला. भाचा म्हणत होता कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मी मीटर लावला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर ते बारीकसं लीकेज जमिनीत जातं. नसेल तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो. घर जुनं, सॉकेटला तिसरं भोक होतं पण मागं वायरच नव्हती. झिणझिणी स्वतः माणूस मारत नाही, पण आत खरंच शॉर्ट झालं तर वाचवायला काही नाही, आणि अशा मशीनला दुसऱ्या लायनीवरच्या टीव्हीची एचडीएमआय केबल लावली तर पोर्ट उडू शकतो.

ते बघता बघता मी एसएमपीएसचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. खाली बारीक तक्त्यात बारा व्होल्टच्या पुढं १६ अँपिअर. आता गुणाकार कर, १२ गुणिले १६, १९२ वॅट. आत्ताचा पीसी जवळजवळ सगळं बारा व्होल्टवरूनच ओढतो. ३०६० एकटं १७० चं, प्रोसेसर ६५ चा लिहिलेला पण टर्बोला, म्हणजे पूर्ण जोर लावला की, ११७ पर्यंत जातो. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवायची आणि तिला घरातल्या बल्बाची वायर जोडायची, दुसरं काय. वर कार्डाला लागणारी आठ पिनची वायरच त्या डब्यात नव्हती, दुकानदारानं जुन्या हार्डडिस्कच्या पिनवरून (मोलेक्स) कन्व्हर्टर मारून दिलेला आणि त्याचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. गेम लावून बारा व्होल्टची लाईन मोजली तर ११.२. नियमानं पाच टक्के इकडं-तिकडं चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको.

मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं ५५० वॅटचा ब्रॉन्झ शिक्क्याचा सप्लाय आणला, बसवला, अंगणात अर्थिंगचा पाईप कोळसा-मीठ घालून पुरला, सॉकेटपर्यंत वायर ओढली. त्यानंतर तो पीसी एकदाही बंद पडलेला नाही. आणि दाजी? परवा एका लग्नात जेवताना सांगत होते की बायोस अपडेट मारला म्हणून नीट झालं, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गुपचूप कार्ड बदलून दिलं असणार. सिरीयल नंबर तोच आहे दाजी, बिल माझ्याकडं आहे.

असो, तुझं. ७० हजार मॉनिटर धरून की सोडून ते लिहिलं नाहीस. सोडून असतील तर कार्डला २८-३० हजार घाल, त्याच्यावर जाऊ नकोस. आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड ११५ वॅटचंच आहे, त्यामुळे कुणी साडेआठशे वॅटचा सप्लाय गळ्यात मारला तर घेऊ नको, ५५० ते ६५० चा चांगल्या कंपनीचा बास. घेताना वॅट वाचू नकोस, बारा व्होल्टचे अँपिअर वाच. मागं लाल बटण असेल, ११५/२३० लिहिलेलं, तर तो ठेवून दे परत. एटी प्लसचा (८० प्लस, ब्रॉन्झ वगैरे) शिक्का बघ, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आतलं प्रोटेक्शन कसं आहे ते सांगत नाही, म्हणून वॉरंटी पाच वर्षांची आहे का तेही बघ. आणि अर्थिंग चेक करून घे, स्वतः नको, वायरमन बोलव. तो अर्थच्या पिनला न्यूट्रलच जोडून देतो म्हणाला तर त्याला हाकलून दे, न्यूट्रल तुटला तर पूर्ण फेज पत्र्यावर येते. आमच्या धंद्यात असले लई आहेत.

यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट, गेम चालू असताना लाईट गेली तर सेव्ह करण्यापुरताच. रॅम दोन काड्या घे, एक नको, आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगानं चालवणारं सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ नाहीतर २४०० वर रांगत बसते. सध्या एआय सर्व्हरमुळं रॅमचे भाव पेटलेत, त्यामुळे ७० हजारांचं गणित त्यातच बिघडेल, मग कॅबिनेट साधं घे, पंखे नंतर लाव. कुठून काप पण सप्लायमधून कापू नको. तुला कुणी शिकलेला माणूस म्हणाला की तो नुसता डबा असतो, तर त्याला १२ गुणिले १६ करायला लाव.

हां, हे गेमिंगबद्दल झालं. टॅली आणि टायपिंगच्या मशीनला, ज्यात कार्डच नसतं, तो फ्रीवाला डबा वर्षानुवर्षं चालतो, ते मी नाकारत नाही.

इंटेल की एएमडी? १२४००एफ आणि रायझन ५ ५६००, दोन्ही सहा कोर बारा थ्रेड. ज्या दिवशी बाजारात जाशील त्या दिवशी बोर्डासकट जे स्वस्त पडेल ते घे. दोन्हीत आतलं ग्राफिक्स नाही, तेव्हा मॉनिटरची केबल कार्डात लाव, बोर्डात खुपसून डिस्प्ले येत नाही म्हणून परत प्रश्न टाकू नकोस.