वाचक विचारतात: शिकागोची मोनाडनॉक इमारत

प्रश्न: लेकीकडे शिकागोला जाणार आहोत. ‘मोनाडनॉक बघाच’ असं जो तो सांगतो. फोटोत तर नुसत्या विटा दिसतात. एवढं काय आहे तिच्यात?

उत्तर: नक्षी नाही, हेच तर आहे! जॅक्सन बुलेव्हार्डकडचा उत्तरेचा अर्धा भाग बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांचा, १८९१चा. सोळा मजले, आणि बाहेरच्या भिंती खुद्द भार पेलणाऱ्या. म्हणून तळाशी भिंत सुमारे ६ फूट जाड. तळमजल्याच्या खिडकीशी थांबून ती जाडी बघाच. भिंत वर जाताना आत वळते, कोपरे गोलावतात. त्यासाठी विटा खास साच्यातून काढल्या होत्या.

एवढ्या जाड भिंती म्हणजे भाड्याची जागा गेली. दक्षिणेचा भाग १८९३चा, होलाबर्ड आणि रोश यांचा. तिथे भार पोलादी सांगाड्यावर, त्यामुळे भिंती पातळ. एकाच इमारतीत दोन जमाने शेजारी उभे.

प्रश्न: पूर्वेच्या दारातून आत जाताना पायरी उतरावी लागते म्हणे. मुद्दाम केलंय का?

उत्तर: छे, इमारतच खचली आहे. खाली मऊ चिकणमाती. ८ इंच खचेल असा हिशेब धरला होता. पुढे ती २० इंचांच्या घरात गेली.

आत शिरलात की उत्तर भागातला जिना चुकवू नका. तो ॲल्युमिनियमचा आहे, आणि बांधकामात हा धातू वापरल्याचं ते अगदी सुरुवातीचं उदाहरण.